धीमी लोकल आणि हजेरीपट

सरकारी कचेरीतील हजेरीपटात मनुष्याच्या सकाळचा जो वृत्तान्त उमटतो तो फारच त्रोटक असतो. नाव, हुद्दा आणि तारखेच्या रकान्यात कशीबशी बसविलेली एक आखूड सही, एवढाच त्याचा विस्तार. ती सही करण्यापूर्वी त्या मनुष्याने घरी, रस्त्यात आणि गाडीत काय काय निस्तरले याची दखल घेण्यासाठी त्यात रकाना नसतो, आणि तो असावा असे हजेरीपट आखणाऱ्यास कधी वाटलेलेही नसते. मी आस्थापना शाखेत कारकून होते आणि हा हजेरीपट पुष्कळ वर्षे माझ्याच ताब्यात होता. ठरलेली वेळ आणि तीवरची दहा मिनिटांची सवलत उलटली, की मस्टर साहेबांच्या खोलीत जाई. त्यानंतर येणाऱ्याच्या नावापुढे तांबड्या शाईने खूण पडे, आणि महिन्यात अशा तीन खुणा झाल्या की एक नैमित्तिक रजा खर्ची पडे. गाडी उशिरा धावली, अर्ध्या मुंबईची कचेरी तिच्यात अडकून पडली, तर मात्र ‘गाडी विलंबाने’ असा शेरा चालत असे, कारण रेल्वेचा विलंब ही सार्वजनिक बाब होती. तान्ह्या मुलाने फलाटावर ओकारी काढल्यामुळे झालेला विलंब खाजगी सदरात मोडे, आणि खाजगी सदरास नियमपुस्तिकेत क्षमा नव्हती.

१९८०च्या दशकाच्या आरंभीची ही हकीकत आहे. आम्ही डोंबिवलीस राहत होतो; तेथून कचेरीजवळचे बोरीबंदर स्थानक ४८ किलोमीटर. यजमानांची नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीची, म्हणजे आमच्या घरातील दोन माणसे रोज सकाळी दोन विरुद्ध दिशांच्या गाड्या पकडीत. सासूबाई कोकणात शेती आणि आजारी मामंजी यांत गुंतलेल्या, आणि माझी आई माझ्या लग्नापूर्वीच गेलेली. प्रसूतीची रजा त्या काळी ९० दिवसांची असे. तिला शिलकीतली अर्जित रजा जोडून मी मुलीचा पाचवा महिना गाठला आणि तेथे माझ्या खात्यावरील शिल्लक संपली. कचेरीच्या मागच्या गल्लीत एका महिला मंडळाने चालविलेले पाळणाघर होते, जेवणाच्या सुट्टीत जाऊन मुलीस पाजता येत होते, आणि ती तेव्हा वरचे दूध तोंडात घेण्यास साफ नकार देत होती. म्हणून घराजवळ कोणाकडे तरी तिला ठेवून जाण्याचा मार्ग आपोआप बंद झाला, आणि जिला अजून बसताही येत नव्हते अशी एक प्रवासी माझ्यासोबत रोज मुंबईस जाऊ लागली. रेल्वेच्या दृष्टीने ती विनामूल्य होती. पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही, आणि अर्थात त्यास जागाही मिळत नाही.

येथे थोडे विषयांतर करते, कारण रजेच्या नस्त्या हाताळण्यात आयुष्य गेल्यामुळे कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रसूतीच्या काळात स्त्री-कामगारास भरपाई मिळावी यासाठी मुंबई इलाख्यात १९२९ साली जो कायदा झाला, त्याच्या विधेयकाची बाजू आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. पुढे १९६१ साली साऱ्या देशासाठी अधिनियम आला आणि त्यात मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईस दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी देण्याची तरतूद झाली. ही सर्व कलमे कारखाने, खाणी आणि मळे यांच्याकडे पाहून लिहिलेली होती. आम्हां कारकुनांचा संसार रजेच्या नियमांवर चाले. पण कारखान्याचा कायदा असो वा कचेरीचा नियम असो, दोघांच्याही कल्पनेतील आई ही कामाच्या दारातच राहणारी होती. मूल घेऊन तिला सकाळी ४८ किलोमीटर यावयाचे आहे आणि सायंकाळी तितकेच परत जावयाचे आहे, हे एकाही कलमाच्या ध्यानात आले नव्हते.

प्रथम मी सर्वजण घेतात तीच गाडी घेतली, म्हणजे जलद लोकल. डोंबिवलीस ती येई तेव्हाच कल्याणच्या पलीकडून भरून आलेली असे, आणि बायकांच्या डब्यात शिरणे हे आपल्या पायांचे काम राहत नसून मागच्या गर्दीचे होई. मुलीस छातीशी धरून, पदराने तिचे डोके झाकून, कोपर बाहेर काढून मी जे दार गाठीत असे त्यातून आत गेल्यावर तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकण्यास मिळाले तर ते थोर भाग्य. पुष्कळदा कोणीतरी बसलेली बाई नुसतेच हात पुढे करून म्हणे, “द्या इकडे तिला, तुम्ही नीट उभ्या राहा आधी,” आणि मग माझी मुलगी टेलिफोनवाल्या बाईंच्या मांडीवर आणि मी तिच्यापासून चार माणसे दूर, अशा स्थितीत आम्ही ठाण्यापर्यंत जात असू. डब्यात कोणाची नावे सहसा ठाऊक नसत. टेलिफोनवाल्या, बँकवाल्या, एल.आय.सी.वाल्या, भांडुपच्या बाई, अशी खात्यावरून आणि स्थानकावरून झालेली नामकरणेच पुरत.

जलद गाडी पारसिकच्या डोंगराला वळसा न घालता त्याच्या पोटातून जाई. १९१६ साली खुला झालेला तो सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा लागला की सारा डबा आवाजाने भरे, दिव्यांचा उजेड एकदम पिवळा वाटू लागे, आणि आश्चर्य असे की ज्या गदारोळात माझे स्वतःचे कान मिटून घ्यावेसे वाटत त्यात मुलगी टक लावून गप्प राही. ठाणे गेले, गाडी कोठेतरी सिग्नलला अडली, पंखे नुसतेच गरगरू लागले आणि बाहेरचा वारा थांबला, की ती रडू लागे. ते रडणे कण्हण्यापासून सुरू होऊन कुर्ल्यापर्यंत अशा पट्टीस पोहोचे की पलीकडच्या पुरुषांच्या डब्यातील पत्त्यांचा डावही थबके.

मूल रडू लागले की त्याच्या आईस सल्ला मिळावा असा आपल्याकडे अलिखित दंडक आहे, आणि बायकांच्या डब्यात तो काटेकोरपणे पाळला जातो. कोणी हिंगाचे पाणी बेंबीवर लावावयास सांगे, कोणी ओव्याची पुरचुंडी, कोणी वेखंड. घुटीत मुरुडशेंगेचे वेढे कमी पडतात असे एकीचे निदान, तर दृष्ट काढल्याखेरीज घराबाहेर आणूच नये असे दुसरीचे. यांतील निम्म्याहून अधिक उपाय मी घरी करीतच होते. त्या साऱ्या सल्ल्यांत माया होती हे खरे, परंतु अखंड रडणारे मूल ज्या बाईच्या खांद्यावर आहे तिला त्या क्षणी मायेपेक्षा वाऱ्याची गरज अधिक असते. एक मध्यमवयीन बाई मात्र सल्ला न देता सरळ म्हणाल्या, “अहो, एवढ्या तान्ह्या पोराला घेऊन ऑफिसच्या गर्दीत कशाला येता? तुमचेही हाल, आमचेही हाल.” डबा क्षणभर गप्प झाला आणि मग दोघी-तिघींनी त्यांना माझ्या वतीने चार शब्द सुनावले. मला मात्र त्या बाईंचा राग आला नाही. त्यांच्या डोळ्यांवरून रात्रीची झोप झालेली दिसत नव्हती. त्यांच्याही घरी कोणी अंथरुणास खिळलेले असेल, त्यांचीही ही तासाभराची डुलकी दिवसभरातील एकुलती एक विश्रांती असेल, आणि ती माझ्या मुलीने हिरावून घेतली होती. बायकांच्या डब्यातील सहानुभूतीची जी वर्णने वाचावयास मिळतात त्यांत ही बाजू येत नाही. त्या डब्यात प्रत्येकीपाशी थकव्याचा आपापला साठा असतो, आणि दुसरीसाठी त्यात नेहमीच जागा निघेल असे नाही.

खरे निदान एका परिचारिकेने केले. भायखळ्याच्या रुग्णालयात जाणाऱ्या त्या बाई आठवडाभर माझ्या मुलीकडे नुसत्या पाहत असाव्यात, मग एके दिवशी दादर येता येता म्हणाल्या, “बाई, हिचं पोट दुखत नाही, आणि भूकही नाही. गाडी चालते तोवर ही गप्प. थांबली की वारा थांबतो, सगळ्यांचा श्वास हिच्या तोंडावर येतो, तेव्हा रडते. तुम्ही धीमी लोकल का नाही धरत?” मला हा सल्ला प्रथम उफराटा वाटला, कारण जलद गाडी चार-पाच ठिकाणी थांबते तर धीमी प्रत्येक स्थानकावर. पण त्यांचा तर्क सूक्ष्म होता. जलद गाडीचे थांबणे अवेळी, अनिश्चित आणि लांबलचक असे. सिग्नल कधी पडेल हे मोटरमनसही सांगता येत नसे. धीमीचे थांबणे अर्ध्या-पाऊण मिनिटाचे, दारे दोन्ही बाजूंनी मोकळी, आणि मूल ओठ काढून, श्वास भरून रडण्याची पूर्वतयारी करीत आहे तोच गाडी पुन्हा हललेली. शिवाय डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी गाडी फलाटावर रिकामी उभी राही, म्हणजे खिडकीची जागा आपल्या हाती.

या खिडकीची किंमत सुमारे अर्ध्या तासाची होती, आणि ती मला पहाटेच्या झोपेतून भरावी लागली. तेव्हापासून माझ्या घरात वेळेचा जो बंदोबस्त सुरू झाला तो एखाद्या मामलतदाराच्या दौऱ्याला शोभला असता. रात्रीच दुपटी, लंगोट, झबली, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि माझा डबा एका पिशवीत. सकाळी घरून निघण्यापूर्वी तिला पूर्ण पाजावयाचे नाही, अर्धेच पाजावयाचे, म्हणजे रिक्षात ओकत नाही आणि दिवा स्थानकाच्या आसपास उरलेले घेण्यास तयार असते. कानावर टोपडे घट्ट, पण अंगावर सुती झबल्यावाचून काही नाही. मूल पोटाशी बांधण्याची युक्ती मात्र मी एका भाजीवालीपासून घेतली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने तिने आपले पोर पाठीशी असे बांधलेले असे की दोन्ही हातांत टोपली धरून ती चालत्या गाडीतून उतरे. कचेरीत जाणाऱ्या बाईने असे मूल बांधून फिरावे हे आमच्या वर्गात दिसण्यास बरे नव्हते, आणि पहिले काही दिवस मी बोरीबंदर येण्याआधीच ती गाठ सोडून घेत असे. पुढे दोन मोकळ्या हातांचे सुख इतके वाढले की गाठ थेट पाळणाघराच्या पायरीवर सुटू लागली.

धीम्या मार्गाने प्रथमच मला तो रस्ता दिसला. वर्षानुवर्षे ज्या डोंगराच्या आतून गेले त्याच्या अंगावरील मुंब्रादेवीचे देऊळ, पायथ्याशी खाडीचे पाणी, कळवा सोडल्यावर लागणारा पूल, आणि मग मुलुंड, भांडुप, विक्रोळीच्या कारखान्यांच्या भिंती. मुलीस यांतील कशाचेच अप्रूप नव्हते. तिचे लक्ष खिडकीच्या आडव्या गजांवर आणि शेजारणीच्या काळ्या मण्यांवर. ठाण्यानंतर गर्दी वाढे, घाटकोपरनंतर उभे राहण्यास जागा नसे, परंतु तोपर्यंत तिची एक झोप होऊन गेलेली असे. ती रडलीच नाही असे नव्हे. दात येऊ लागले तेव्हा वारा, गज, मणी यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही, आणि विद्याविहार ते परळ हा पट्टा आम्ही साऱ्या डब्याने मिळून सोसला. मात्र आता ते रडणे एका कारणाचे होते. पूर्वीसारखे ते कोठून आले आणि कोठे थांबेल याचा थांग नसलेले राहिले नव्हते. मनावरचा ताण मूल किती रडते यापेक्षा ते का रडते हे कळते की नाही यावर अधिक अवलंबून असतो, असे माझे तेव्हापासून मत झाले आहे.

परतीचा प्रवास अवघड होता तो निराळ्या कारणाने. दिवेलागणीच्या वेळी तान्ही मुले किरकिर करतात हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. जुन्या बायका तेव्हा मुलास घेऊन अंगणात येत, दिवा दाखवीत, मीठ-मोहऱ्या ओवाळीत. आमची तिन्हीसांज घाटकोपर आणि ठाणे यांच्या दरम्यान होई. त्या डब्यात अंगण कोठून आणावे? सुदैवाने सायंकाळच्या डब्यास सकाळची घाई नसे. कोणी मेथी निवडी, कोणी मटार सोली, टिकल्या-पिनांची पेटी घेऊन एखादी मुलगी दारातून आत येई, आणि कोपऱ्यातील चौघी-पाचजणींनी झांजांवर भजन धरले की माझी कन्या पहिली दोन कडवी गंभीरपणे ऐके. धृपदास सगळ्यांनी एकदम आवाज चढविला की मात्र ती दचकून पुन्हा सूर लावी, म्हणून त्या भजनी बायकांनी तिच्यापुरते धृपद हळू म्हणण्याचा परिपाठ ठेवला. संक्रांतीस डब्यात हळदीकुंकू झाले तेव्हा तिच्यासाठी कोणी हलव्याचे दागिने करून आणले होते. काळी झबली घालून, डब्यातल्या बाकावर, मुलुंड-ठाण्याच्या मध्ये तिचे बोरनहाण झाले, आणि पडलेल्या बोरांसाठी मुलांऐवजी कचेरीतल्या बायकांनीच झोंबी केली.

त्याच वर्षी जुलैत एकदा कुर्ला आणि शीव यांच्यामध्ये पाणी भरले. गाडी थांबली ती थांबलीच. या शहरात पावसाने गाड्या अडणे ही वार्षिक बाब असली तरी मांडीवर तान्हे मूल असताना ती बाब बातमीसारखी वाटत नाही. पहिला तास मुलीने रडून काढला, दुसरा ग्लानीत. थर्मासातले पाणी संपले तेव्हा कोणीतरी आपल्या डब्यातील पातळ वरण चमच्याने तिच्या ओठांना लावले, आणि ज्या मुलीने वाटीतील दुधाकडे महिनाभर तोंड फिरविले होते तिने ते परक्या घरचे वरण मिटक्या मारीत घेतले. अखेर उतरून चालत जावे असे ठरले. फलाट नसेल तेथे डब्याची पायरी किती उंच असते हे खाली खडीवर पाय टाकताना कळते. आधी दोघी तरुण मुली उडी मारून उतरल्या, मग मूल त्यांच्या हाती दिले गेले, मग मी. आणि गुडघाभर पाण्यातून रुळांच्या कडेने शीवपर्यंत जाताना ते मूल माझ्या हातांत फारच थोडा वेळ होते. पुढे कोण होते, मागे कोण होते, हे मला आज सांगता येणार नाही. मात्र त्यांत त्या मध्यमवयीन बाई होत्या, ज्यांनी मला ‘कशाला येता’ म्हणून विचारले होते. त्यांनी मुलीच्या डोक्यावर आपली छत्री धरली होती आणि मला म्हणत होत्या की अशा दिवशी रजा घ्यावयाची असते, एवढे कळत कसे नाही.

आता कचेरीकडे वळते. धीमी गाडी धरूनही पाळणाघरात मुलगी सोपविण्यास जो वेळ लागे तो काही केल्या आटोक्यात येईना; मूल सोपविणे म्हणजे टपाल देऊन पोच घेणे नव्हे. दहा मिनिटांच्या सवलतीत मी दोन-चार मिनिटांनी मागे पडे, आणि हजेरीपट माझ्याच ताब्यात असल्यामुळे इतरांच्या नावापुढे ज्या तांबड्या खुणा मी करीत आले तशीच खूण स्वतःच्या नावापुढे करणे प्राप्त होते. मस्टर साहेबांकडे नेण्याचे काम एका वयस्क शिपाईभाऊंकडे होते. त्यांना त्या वेळी नेमकी चहाची तलफ येऊ लागली. ते कपबशी घेऊन मस्टरापाशी उभे राहत, जिन्याकडे पाहत, आणि मी पाळणाघरातून धावत येताना दिसले की बशी खाली ठेवीत. “बाई, सही करा. आज चहा जरा गरम होता,” एवढेच ते म्हणत. शासनाच्या कारभारात अशा चहाचा हिशेब कोठे ठेवला जात नाही, पण कित्येक कायद्यांपेक्षा त्याने अधिक बायकांच्या नैमित्तिक रजा वाचविल्या असतील.

परंतु कोणाच्या चहावर नोकरी चालविणे मला रुचेना, म्हणून मी रीतसर टिप्पणी सादर केली. वर्षाखालील मूल असलेल्या स्त्री कर्मचाऱ्यास सकाळी अर्धा तास उशिरा येण्याची मुभा द्यावी आणि तेवढे काम सायंकाळी किंवा सुट्टीच्या वेळात भरून घ्यावे, इतकीच तिची मागणी होती. आर्थिक भार शून्य, असेही मी खाली नमूद केले, कारण वित्त शाखेस तेवढेच वाक्य वाचण्याची सवय असते. अधीक्षकांनी ती ‘सहानुभूतीने विचारार्थ’ म्हणून पुढे पाठविली. तेथून ‘पूर्वोदाहरण आहे काय?’ असा प्रश्न आला. पूर्वोदाहरण नव्हते. मग इतर कार्यालयांची माहिती मागविण्यात आली, तिला स्मरणपत्रे गेली, स्मरणपत्रांस उत्तरे आली की त्यांच्याकडेही पूर्वोदाहरण नाही आणि आमच्याकडे काही निर्णय झाल्यास प्रत पाठवावी. नस्ती फिरत राहिली. तिची जाडी वाढत होती आणि मुलगीही वाढत होती. ती चालू लागली, वाटीने दूध पिऊ लागली, मुंब्र्याला उतरण्याचा हट्ट करू लागली, आणि एका जूनमध्ये डोंबिवलीतच शेजारच्या बाईंनी काढलेल्या पाळणाघरात तिची रवानगी झाली. मी पुन्हा जलद गाडीने जाऊ लागले.

त्यानंतर केव्हातरी ती नस्ती आस्थापना शाखेत, म्हणजे माझ्याच टेबलावर परत आली. वरच्या शेऱ्यात विचारले होते की संबंधित कर्मचाऱ्याचे मूल आता वर्षावरील झाले असल्यास प्रकरण दप्तरी दाखल करावे किंवा कसे. नियमाप्रमाणे ‘होय’ एवढे लिहून ते निकालात काढणे मला शक्य होते. परंतु त्याच आठवड्यात बारनिशीतल्या एका तरुण बाईंचा प्रसूतिरजेचा अर्ज माझ्याकडे आला होता, आणि पत्त्यात बदलापूर होते. मी तिची रजा मंजुरीस पाठविली, त्या अर्जाची प्रत जुन्या नस्तीत लावली, ‘नवीन संबंधित कर्मचारी’ असा शेरा मारून ती पुन्हा वर पाठविली, आणि जिन्यात शिपाईभाऊ भेटले तेव्हा पुढच्या वर्षीच्या चहाबद्दल त्यांना आधीच सांगून ठेवले.